मोहरीची ओळ

मंगळवार, सायंकाळ.

आज मी खोटे बोललो, आणि तेही सूनबाईशी.

सुनंदा चार दिवस पाटोद्याला माहेरी गेली होती. परसातल्या कोबीच्या कडेने तिने लावलेली मोहरी माव्याच्या किडीने बरबटली होती. ती घाण मला पाहवेना, म्हणून सगळी ओळ मी मुळासकट उपटून टाकली. जागा कशी स्वच्छ दिसू लागली! तिसऱ्या दिवशी तोच मावा कोबीवर चढला. कीड मोहरीवर जावी आणि कोबी वाचावा, यासाठीच ती ओळ होती. हे आधी विचारले असते तर?

दुपारी ती परतली ती थेट परसात गेली.

"मामा, मव्हरी कुटं गेली?"

"शेजारच्या यशवंताची शेळी शिरली असावी." का म्हणालो असे?

"अन् कोबीला तोंडबी न्हाई लावलं? नुसती मव्हरी, तीबी मुळासकट? लई शहाणी शेळी हाय!"

तिने पदर खोचला. यशवंताकडे भांडायला निघाली असे वाटून मी घाईने पुढे झालो. पण ती कोबीची पाने उलटून बोटांनी मावा चिरडत बसली. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. नवी मोहरी उगवेपर्यंत तो कोबी टिकेल काय?

आत्ता जेवताना ताटाशेजारी मोहरीची पुडी दिसली.

"उद्या सकाळी त्या शेळीकडून पेरून घ्या, मामा."

"पेरील शेळी," मी मान खाली घालून म्हणालो.

दिवसभरात तेवढेच खरे बोललो.