थोरलीचा दम

प्रिय अहो, आणि प्रिय अरे,

चारचौघांत 'अहो' आणि केबिनमध्ये 'अरे' ही आपली जुनी वाटणी. सध्या विश्रांतीचा मुक्काम वन्संकडे, तेव्हा पत्र फोडताना त्या शेजारी बसलेल्या असणार, म्हणून आधी अहो. त्या चहा टाकायला उठल्या की पुढचं सगळं अरे. फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला तोडतोस आणि 'बरं, ठेवतो' म्हणतोस. कागदाला तसं तोडता येत नाही. फाडलास, तर तुकडे जुळवून तुझी बहीण तुला मोठ्यांदा वाचून दाखवेल, एवढं मी त्यांना ओळखते.

तर थोरली बरी आहे. सासूबाईंनी आपल्या ट्रकला हे नाव ठेवलं, का तर ती या घरात माझ्याआधी आली. ती पहिली गाडी गेली, तिच्या जागी ही आली, पण नाव तेच राहिलं आणि मी जन्मभर धाकटीच. सुरुवातीला मी खरंच जळायचे. तू तिला रोज सकाळी पुसून काढणार, बोनेटवरून हात फिरवणार, आणि मी नवीन साडी नेसून दारात उभी राहिले तर विचारणार, डबा भरलास का? पण इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून तिच्यावर माझाही जीव जडला. म्हणून तू त्या दिवशी म्हणालास, 'तिचाही दम गेला, माझाही गेला, दोघांनाही आता बसवून टाक,' तेव्हा मी काही बोलले नाही. तू दलालाशी परस्पर बोलणी केलीस, रविवारी गिऱ्हाईक येणार म्हणून कळवलंस, तेव्हाही गप्प बसले. मी गप्प बसले की काहीतरी शिजतंय, हे तुला एव्हाना कळायला हवं होतं.

थोरली अंगणात उभी नाही. ती माझ्याबरोबर कामावर जाते. हो, भरलेली. तूच मला शिकवलंस, तूच हौसेनं मोठ्या गाडीचं लायसन काढायला लावलंस आणि मग फक्त सपाट रस्त्यावर, तीही रिकामी, चालवायला दिलीस. गेल्या आठवड्यात कारखान्यातून फरशा भरल्या आणि घाट चढले. वजनकाट्यावरचा माणूस आधी माझ्याकडे, मग मागच्या फरशांकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, दादा, वजन गाडीचं करा, माझं नको.

तुझा एक हट्ट मात्र मी मोडला. चढावर वरचा गिअर सोडायचा नाही, सोडला तर डिझेल जळतं, हे तुला गाडी शिकवणाऱ्या उस्तादाचं वाक्य. तू ते इतकं पाळलंस, की थोरली थरथरायला लागायची, मागे काळा धूर सोडायची, आणि तू स्टिअरिंगवर पुढे वाकून जणू खांद्यानं तिला ढकलायचास. मी चढ दिसला की ती दमायच्या आधीच गिअर उतरवते. इंजिन मोकळं फिरतं, ताल सुटत नाही, आणि गंमत म्हणजे डिझेल उलट कमी लागतं. उस्तादांबद्दल पूर्ण आदर आहे. पण त्यांची गाडी वेगळी होती, काळ वेगळा होता, आणि त्यांच्या शेजारी मी बसलेली नव्हते.

बाकी किरकोळ गोष्टी. टायरमधली हवा सकाळी, चाकं थंड असताना बघते, पंपावर तापलेली असताना नाही. हवेचा फिल्टर बदलला, जुना झटकला तर अंगणभर धूळ झाली. ताडपत्री तू बांधायचास तशी फुगू देत नाही, घट्ट आवळते, कारण फडफडणारी ताडपत्री वारा धरते आणि गाडीला मागे ओढते. हमालांना सांगून फरशा मागच्या टोकाला न रचता पुढे सरकवून रचून घेतल्या. तो त्यांचा मुकादम आधी कुरकुरला, मग म्हणाला, वहिनी, तुम्ही आमच्या घरीही एकदा सामान लावायला या. हे सगळं करून थोरली सुधारली, पण थोडीच. घाटाच्या मधल्या चढावर तिचं घोडं पेंड खातच होतं.

आता जरा मागचं. आठवतं, मी तुला दवाखान्यात कसं ओढून नेलं? गेला उन्हाळाभर घाट लागला की मला तुझा श्वास ऐकू यायचा. स्स्स्, स्स्स्, असा, दातांतून हवा निसटावी तसा. सपाटीला लागलो की थांबायचा. मी विचारायचे, दम लागलाय का? तू म्हणायचास, मला कुठे, तूच उसासे टाकतेस, टाकू नकोस, पोचू आपण. त्यावरून आपण किती भांडलो! शेवटी मी जेवण सोडायची धमकी दिली तेव्हा कुठे तू डॉक्टरीणबाईंसमोर बसलास. त्यांनी छाती तपासली आणि म्हणाल्या, श्वास स्वच्छ आहे, घरघर अजिबात नाही. मला वाटलं, बाईंच्या कानात बोळे आहेत. आल्यासारखं हृदयही बघून घेऊ म्हणाल्या, आणि ती बंद होत आलेली रक्तवाहिनी सापडली, म्हणून वेळेत उघडता आली. आणखी थोडे दिवस गेले असते तर काय झालं असतं, ते त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. ते मी तुला अजून सांगितलेलं नाही आणि आजही लिहिणार नाही. त्या रात्री मी दवाखान्यातल्या बाकावर बसून खूप रडले, एवढंच लिहिते.

तर फरशा भरून मी मधल्या चढाला लागले. गिअर उतरवला, ॲक्सिलरेटर दाबला, आणि शेजारून आवाज आला. स्स्स्, स्स्स्. मी सवयीनं, रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, गोळी घेतलीस का रे? बघते तर सीटवर फक्त तुझा टॉवेल. मग चढ संपला, आवाज थांबला, आणि मला इतकं हसू फुटलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मिस्त्रीला फेरीवर शेजारी बसवून नेलं. त्यानं आजवर तिला दहा वेळा तपासली होती, पण अंगणात, उभी, रिकामी. टर्बोतून इंजिनकडे दाबाची हवा नेणारा जो जाड रबरी पाइप आहे ना, तो क्लिपखाली चिरला होता. गाडी उभी असली की चीर मिटलेली, भार घेऊन चढायला लागली की ती उघडायची आणि सगळी हवा तिथून निसटायची. इंजिनला हवा पुरेना, डिझेल धड जळेना, म्हणून काळा धूर, म्हणून ओढ नाही. मिस्त्रीनं पाइप बदलला. काल त्याच चढावर, जिथे दुधाचा टँकर आपल्याला हॉर्न मारत पुढे जायचा, तिथे मी त्याला मागे टाकलं. हॉर्न मीही मारला. तुझ्या वतीनं.

आता वन्सं चहा घेऊन आल्या असतील तरी वाच, त्यांच्यामुळेच तर लिहितेय. त्या फोनवर म्हणाल्या, डॉक्टरांनी रोज चाल म्हणून सांगितलंय, पण तू खुर्चीतून उठत नाहीस. फाटकापर्यंतसुद्धा जात नाहीस. पुन्हा तसा दम लागेल म्हणतोस. अरे वेड्या, तसा दम तुला कधी लागलाच नव्हता. मीच तुझ्या कानीकपाळी ओरडून तुला तो खरा वाटायला लावला. तो थोरलीचा दम होता. तुझं दुखणं मुकं होतं, तिनं तुझ्या वतीनं धापा टाकल्या आणि आपल्याला दवाखान्याच्या दारात नेऊन सोडलं. तिला तू विकायला निघालास? रविवारच्या गिऱ्हाइकाला मी येऊ नका म्हणून सांगितलंय, तुला न विचारता. रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव. पण आधी आज फाटकापर्यंत चाल. उद्या कोपऱ्यापर्यंत. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला हो म्हटलं की मी थोरलीला घेऊन त्याच फाटकाशी येईन. टॉवेल उचलून ठेवलाय, शेजारची सीट तुझी आहे. चढावर कान देऊन बस. काही ऐकू येणार नाही.

चारचौघांत तुमचीच, केबिनमध्ये तुझीच,
धाकटी