ताटं वाढल्यावर

गांधीधाम, रविवार

प्रिय शमुवेलदादा,

तुले अन् वहिनीले सप्रेम सलाम. मी बरा आहो. थोडा खोकला आहे, जाईल. वहिनीची कंबर कशी आहे?

आज चर्चमध्ये पाळकांनी उधळ्या पुत्राचा दाखला सांगितला. घर सोडून गेलेला धाकटा परत येते, अन् बाप जेवण घालते. सारे त्या धाकट्यासाठी रडले. मी घरीच राबत राहिलेल्या थोरल्याचाच विचार करत बसलो.

बाबानं सांगितलं म्हणून तू नागपुरातच थांबला. आठ वर्षं त्याईले उचलून आंघोळ घातली. मी भांडून निघालो, त्याईच्या मातीलेही पोचलो नाही. हे माझंच पेरलेलं आहे, देवाले काहून दोष देऊ?

पण दाखल्यातला थोरला रागानं बाहेरच उभा राहते. तू तर नाताळात मले स्टेशनवर घ्यायले आला. जेवणाआधीची प्रार्थना घरातल्या मोठ्यानं करायची, बाबानंतर तो मान तुझा. ताटं वाढल्यावर तू म्हणाला, "आज सिलास करेल."

मले एक शब्द आठवेना. रस्सा निवला, पोरं चुळबुळली. मी सुरू करेपर्यंत तू डोळे उघडले नाही.

इथं एकटाच जेवतो, तरी आधी डोळे मिटतो. अजून अडखळतो, दादा. मग वाटते, तू समोर थांबून आहे.

तुझा धाकटा,
सिलास