सुनेला शिकवलेलं

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज इतक्या दिवसांनी मी तुमच्याकडे तक्रार घेऊन आलेय. मला तुमच्या सुनेचा हेवा वाटतो.

मागच्या पावसाळ्यात नदी आपल्या गावात शिरली. घरात कमरेएवढं पाणी. दादा एमआयडीसीतल्या कारखान्यात अडकलेला. वहिनी एकटीच आईला घेऊन शाळेच्या माडीवर गेली. मी सासरहून, जालन्यातल्या मस्तगडहून फोन केला, निघतेच म्हणाले, तर ती म्हणते, "पुलावरून पाणी वाहून राह्यलंय ताई. ते उतरल्याबिगर निघायचं न्हाई बिलकुल." माझ्याच माहेरच्या वाटेवर मला हुकूम! तरी थांबले. तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा घरात घोट्याएवढं पाणी उरलं होतं, खाली काळा चिखल, फ्रिज आडवा पडलेला. आणि वहिनी दादाचे गमबूट घालून बाहेर ओट्यावर उभी, वायरमनची वाट बघत. मी साडी खोचली आणि उंबरा ओलांडणार, तोच तिने मागून माझा दंड धरला.

"सोड गं, साऱ्या गावात लाईन न्हाई," मी म्हणाले.

"येईल तवा तुम्हाला सांगून येईल का? खांबावरून घराची तार काढल्याबिगर आत पाय टाकायचा न्हाई. आबांनी बजावलंय मला."

आबांनी. माझ्या आबांनी. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर तिच्यावर ओरडले, "माझ्या बापाचं मला नको शिकवू!" तिने दंड सोडला नाही. आमचं भांडण चालू असतानाच समोरच्या गिरणीवरचा बल्ब लागला आणि आपल्या घरात, त्या साचलेल्या पाण्यावर, पंखा फिरायला लागला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. माझा एक पाय अजून उचललेलाच होता.

वायरमनने येऊन तार काढली, मगच तिने आत जाऊ दिलं. हातात मोजे घालायला लावले. भांडी उचलण्याआधी काठीने ढोसून बघा म्हणाली, साप असतो. कणगीतले गहू धुऊन वाळवू म्हटलं तर, "संडासाचं पाणी मिसळलंय त्यात, जनावरालाबी घालायचं न्हाई." प्रत्येक वाक्याला आबा. शेवटी न राहवून विचारलं, हे सगळं तुला कधी सांगितलं त्यांनी? चिखल ओढता ओढता ती हसली. लग्न होऊन आल्ती त्या वर्षी तुम्ही तिला समोर बसवून मीटरचा बोर्ड उघडून दाखवायचात म्हणे. एकदा तिने ओल्या फडक्याने बोर्ड पुसला, तर तुम्ही असे रागावलात की ती दिवसभर जेवली नाही.

मी तुमच्या पिशवीतल्या पकडीला हात लावला की तुम्ही म्हणायचात, "बाजूला हो माय, तुला कशाला ते?" मग जालन्याहून येताना मला बांगड्या आणायचात. माझ्यावर तुम्ही कधीच रागावला नाहीत. सासरी मी हे मोठ्या मिजाशीने सांगत आले. त्या दिवशी चिखलात उभी असताना वाटलं, रागवायला माणूस घरचं लागतं. मी तुमच्यासाठी आधीपासूनच पाहुणी होते का, आबा? उत्तर येणार नाही हे माहीत आहे. येणार असतं तर मी विचारलंही नसतं.

एक गोष्ट मात्र कबूल करते. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत नाल्याचं पाणी शिरलं. खालच्या मजल्यावरची बाई ओल्या जमिनीवर उभी राहून बटण दाबायला निघाली, तिला मी ओढून बाहेर काढलं. वर आमच्या घरी आणून बसवलं, तेव्हा तिने विचारलं, एवढं कुठे शिकलात? मी म्हणाले, "माझे वडील वायरमन होते. त्यांनीच शिकवलं मला."

वहिनी दोन दिवसांसाठी आमच्याकडे आल्ती, तिथेच लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि त्या बाईला म्हणाली, "हो, लई जीव होता त्यांचा ताईंवर."