चावून दिलेला घास

औंढे, ६ जुलै २०२४

चि. रुपाली व आकाशराव यांस,
अ. उ. आ. व सप्रेम जय भीम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला घसा फोडावा लागतो, त्यापेक्षा पत्र बरं. तुम्ही दोघं कामावर, पण लेकरू इथे मजेत आहे. सत्यमचं आजीशिवाय पान हलत नाही. हल्ली भाकरी तोंडात घोळवतो आणि थुंकतो, म्हणून मी घास चावून मऊ करते नि त्याला भरवते. तुला अशीच वाढवली. आता तर लबाड माझ्या तोंडात बोट घालून घास मागतो!

त्याचे पुढचे दात काळे पडलेत. दुधाचेच ते, पडायचेच आहेत. माझीही दाढ ठणकते, पण मिश्री जरा जास्त लावली की भागतं. काळजी नसावी. पत्र टाकत जा, माया पातळ करू नका.
तुझी आई, भागुबाई

देहूरोड, २८ जुलै

ती. आईस,
सविनय जय भीम. वि. वि.

आकाश सत्यमला घेऊन आला तेव्हा त्याचा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता. ताप हटेना. दवाखान्यात ठेवून, भूल देऊन त्याचे पुढचे दात काढले. मुळाशी पू झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दुधाचे म्हणून कुजू द्यायचे नसतात, खालून येणारे पक्के दातही त्याने बिघडतात. मग याला भरवतं कोण, असं विचारलं. मी सांगितलं. मोठ्यांच्या किडक्या दातांतले जंतू उष्ट्या घासातून पोराच्या तोंडात जातात म्हणे.

आई, मला फार राग आलाय. तो भूल उतरल्यावर तोंड धरून किंचाळत होता, तू तिथे नव्हतीस. तुझे दात नीट होईपर्यंत सत्यम औंढ्याला येणार नाही. मिश्री सोड आणि दाखवून घे.
तुझी रुपाली

औंढे, ९ ऑगस्ट

चि. रुपालीस,
अ. उ. आ. व जय भीम.

मी त्याला विष घातलं असं तू लिहिलं नाहीस, पण मी तेच वाचलं. शेजारची सरुबाई म्हणाली, आपल्या आयांनी असंच वाढवलं, कोण मेलं? तिला मी गप्प केलं. मिश्रीची डबी चुलीत घातली.

लोणावळ्याला जाऊन उरलेसुरले सगळे दात काढून घेते. तोंडाचं बोळकं झालं तरी चालेल. मग पाठवशील ना त्याला? घरात कुणी भांडी वाजवत नाही, फार सुनं वाटतं.
तुझी आई

देहूरोड, १ सप्टेंबर

ती. आईस,
सविनय जय भीम. वि. वि.

डॉक्टरीणबाईंनी मलाही तोंड उघडायला लावलं. माझ्याही दाढा किडलेल्या निघाल्या. त्याचं दूध मी त्याच्याच चमच्याने चाखते, आणि इथे असला की झोपताना साखर घातलेली बाटलीही मीच देते. मी सगळं तुझ्या एकटीच्या माथी मारलं. दाढा भरून घेतल्यात.

काल त्याने माझ्या तोंडात बोट घातलं. मी मान फिरवली, तर तुझ्या नावाने रडून रडून झोपला. येत्या रविवारी त्याला घेऊन येते. तुझं बोळकं बघून हसेल बघ! रागावली असलीस तरी जवळ घे.
तुझी रुपाली

औंढे, ४ सप्टेंबर

चि. रुपालीस,
अ. उ. आ. व जय भीम.

रविवारी सत्यमला आणू नकोस. तू एकटी ये.

दात काढायला गेले, तर डॉक्टर गालाच्या आत बघतच राहिले. मिश्री दाबून धरायची, त्याच जागी चट्टा आहे. तुकडा काढून पुण्याला तपासायला धाडला. कॅन्सर निघाला. जबड्याचा एक भाग काढावा लागेल, वाचेन की नाही ते नंतर सांगू म्हणाले. लेकराचं दुखणं तुझ्या पदरात होतं, म्हणून कळवलं नाही.

त्याला पाठव म्हणत होते ती मीच, आता मीच नको म्हणते. तोंडाला वास येतो, गाल आताच ओढलाय. तो येईल, मांडीवर बसेल आणि माझ्या तोंडात बोट घालून घास मागेल. तेव्हा मी त्याला काय देऊ?

आजी दात बसवायला गेली आहे, असं सांग. त्याचे दात रोज घासत जा.
तुझी आई