ताईच्या नावापुढील 'होय'चा अर्थ आजच मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
माहिती-रचना कक्ष,
सार्वजनिक रुग्णालय, तिसरा मजला (कुलूपबंद दालन).

विषय : संगणकातील रकान्यांचे अर्थ सामान्य माणसाला विचारता व वाचता येतील असे खुले करणे; ते जमेपर्यंत निदान एका रकान्याचा अर्थ आज सांगणे.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, आणि त्या सर्वांना मिळून आलेले आपले एकुलते एक उत्तर.

महोदय,

१. अर्जदार हा याच रुग्णालयात अहवाल लेखनिक असून डॉक्टरांना हवी ती माहिती संगणकातून काढून देणे हे त्याचे काम आहे. अर्जदाराची थोरली बहीण (यापुढे 'ताई') स्त्रियांच्या कक्षात दाखल आहे. पक्षाघाताच्या झटक्याने तिची वाचा गेली आहे आणि उद्या सकाळी तिची शस्त्रक्रिया आहे.

२. पूर्वी ताईवर इथेच उपचार झाले होते. त्या नोंदीत तिच्या नावापुढे 'खूण-३ : होय' असे आहे. भूलतज्ज्ञ बाईंनी अर्जदारास सरळ विचारले, "होय म्हणजे कशाला होय?" हे ताई बोलून किंवा खुणेनेही सांगू शकत नाही. मेव्हणे सांगू शकले असते, पण ते हयात नाहीत. जुने कागद संगणकात चढवून झाल्यावर आपल्याच आदेशाने रद्दीत गेले.

३. रकान्यांचे अर्थ ज्या सूचीत आहेत ती आपल्या कक्षाने मोठ्या विद्वत्तेने चार तक्त्यांत विखुरली आहे. पहिल्या तक्त्यातून क्रमांक घ्यावा, तो दुसऱ्यात शोधावा, तिथला संकेत तिसऱ्यास दाखवावा, तेव्हा कुठे चौथा तोंड उघडतो. माहिती घरचीच, यंत्र घरचे, विचारणाराही घरचाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण कक्षाने नियमावली म्हणून स्वीकारली असावी. अर्जदाराने तो वळसाही घातला. चौथ्या तक्त्याने खूण-३चा अर्थ सांगितला तो असा : 'वरीलप्रमाणे'.

४. याचा उलगडा असा. अर्थ भरण्याचे काम आपण ज्या कारकुनाला दिले त्याचा जन्म नोंदवह्या लिहिण्यात गेलेला. एकाखाली एक सारखे आले की 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळे व्हायचे, हा त्याचा रिवाज. वहीत ते शोभते, कारण वहीतली वरची ओळ वरच राहते. संगणकात ओळींना वर-खाली नसते. यंत्राच्या मनाला येईल त्या क्रमाने त्या बाहेर पडतात. अर्जदाराने प्रथम विचारले तेव्हा वरच्या ओळीत 'भुलीचे नेहमीचे औषध चालत नाही' असे होते. खात्रीसाठी पुन्हा विचारले, तर 'चष्मा आहे'. पुन्हा विचारले, तर 'भेटीचा पास दिला आहे'. निवृत्त कारकुनाच्या घरी जाऊन विचारले असता तो शांतपणे म्हणाला, "अहो, वर बघा ना, तिथंच तर लिहिलंय!" त्याचा राग तरी काय करावा? हजारो रकाने त्याच्या एकट्याच्या गळ्यात मारून आपण त्यावर तपासल्याचा शिक्का उठवलात. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

५. त्याने ओळी भरल्या तो मूळ क्रम सूचीच्या एका आतल्या रकान्यात अजून जसाच्या तसा आहे. तो फक्त आपल्या कक्षाला दिसतो. तो पाहण्याची परवानगी मागितली असता आपण कळवलेत की, सदर सूचीत रुग्णांची माहिती नाही, सबब रुग्णसेवेसाठी ती उघडता येत नाही. असे वाक्य लिहायला डोके लागत नाही, पदच लागते.

६. पर्यायी भुलीचे औषध आहे. पण ताईचे हृदय कमजोर आहे आणि ते औषध तिला झेपेलच असे नाही; गरज नसेल तर ते देणार नाही, असे बाई म्हणतात. नेहमीचे द्यावे, तर 'होय' आडवे येते. अर्जदाराला भीती वाटते, आणि ती शासकीय भाषेत कशी लिहावी हे त्याला ठाऊक नाही.

७. सबब विनंती की, चार तक्त्यांऐवजी एकच सुटसुटीत तक्ता करावा : रकान्याचे नाव, साध्या शब्दांत पूर्ण अर्थ, कोण भरतो. तो प्रत्येक कक्षातल्या परिचारिकेलाही एका प्रश्नात उघडता यावा. यासाठी आपण समिती नेमाल, समिती उपसमिती नेमेल. बारशापर्यंत पोर म्हातारे होईल. त्याला अर्जदाराची हरकत नाही. आज फक्त खूण-३च्या मूळ क्रमाची ओळ आणि तिच्या वरची ओळ, एवढ्या दोनच ओळी वाचून दाखवाव्यात. अर्जदार आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून आहे.

आपल्या कुलपापुढे हात जोडून,
अहवाल लेखनिक (ताईचा धाकटा भाऊ)

दिनांक : शस्त्रक्रियेचा आदला दिवस

सोबत :
(१) यापूर्वीच्या अर्जांच्या पोचपावत्या.
(२) शस्त्रक्रियेचे संमतीपत्र, सहीविना. त्यात 'मला धोक्याची पूर्ण कल्पना आहे' असे छापलेले आहे. ती कल्पना या इमारतीत फक्त आपल्याला येऊ शकते. दोन ओळी वाचून दाखवायच्या नसतील, तर सही आपणच करावी. नातेसंबंधाच्या जागी काय लिहायचे ते आपण ठरवावे.