हेवीची टेस्ट

१२ जानेवारी

खांदे भरून आलेत! आज पहिल्यांदा बस चालवली — शाळेचीच, रिकामी, कोल्ड स्टोरेजमागच्या मैदानात. शेजारी सासरे, तीच बस रोज चालवणारे. शिकाऊ लायसन्सवर शेजारी पक्का ड्रायव्हर लागतोच, आणि घरातच असा माणूस असताना बाहेर कुणाला विचारायचं?

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी रोज लोकांकडून घोकून घेते — बिनगिअरची स्कूटर वेगळी, गिअरची मोटारसायकल वेगळी, कार हलक्या वाहनात, बस आणि ट्रक जड वाहनात. ज्याचं लायसन्स, त्याच गाडीला हात लावायचा. परवा एकाने विचारलं, मॅडम, बस रिकामी असली तर कारच्या लायसन्सवर चालेल का? म्हटलं, रिकामी बस काय कार होते का हो! आणि ही मॅडम स्वतः कारपाशीच अडकलेली. सासऱ्यांच्या लायसन्सवर मात्र सगळं आहे, पार ट्रेलरपर्यंत. नवरा म्हणतो, विमान तेवढं राहिलं.

हेवी, म्हणजे जड वाहनाचं लायसन्स काढ, हा हट्टही त्यांचाच. गेलं वर्षभर मागे लागलेत. कुठला सासरा सुनेच्या मागे बससाठी लागतो? वळताना म्हणाले, पुढचं बघू नकोस, पुढचं कुणालाही दिसतं, मागचं चाक कुठून जाईल ते बघ. मला मजा आली, खरंच.

२ फेब्रुवारी

नापास! रिव्हर्स घेताना मागचा खांब पाडला. इन्स्पेक्टर म्हणाला, बाई, तुमची बस संपली असं तुम्हाला वाटलं, पण ती अजून बरीच होती. मलाच हसू आलं.

सासरे हसले नाहीत. रात्री नीट जेवलेही नाहीत. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? टेस्ट काय पुन्हा देता येते. पण वाईट वाटलं. आपल्यामुळे त्यांचं नाव खराब झालं असंच वाटत राहिलं.

१० फेब्रुवारी

स्कूलची कार क्लचसाठी गॅरेजमध्ये, म्हणून सकाळी बारकीला घेऊन शाळेच्या बसनेच निघाले. पोरीला आनंद, आई बसमध्ये! मी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर.

पोस्टासमोर सासऱ्यांनी करकचून ब्रेक मारला. सगळी पोरं पुढे झुकली. मीही सवयीने सीट धरली, कारण तिथे मोठा स्पीडब्रेकर आहे. म्हणजे होता. गेल्या आठवड्यात डांबर टाकताना उखडला तो. रस्ता आता तळहातासारखा साफ. बस एकदम हळू झाली आणि कशावरूनच गेली नाही.

सवय असेल म्हटलं. मग पुढच्या वळणावर डावीकडे केळ्यांची हातगाडी उभी होती. सासऱ्यांनी बस तसूभरही बाजूला घेतली नाही. गाडीवाल्याने केळ्यांसकट गाडी मागे ओढली आणि जे काही ओरडला ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासरे आपले पुढे बघत होते. आरशात त्यांचा चेहरा शांत होता.

उद्या पुन्हा बसनेच जायचं.

११ फेब्रुवारी

आजही बसने गेले. “काय गं, आज पण?” विचारलं त्यांनी. क्लचवर ढकललं.

पोस्टासमोर पुन्हा ब्रेक.

ते बघत नाहीत. त्यांना आठवतं! इतकी वर्षं त्याच रस्त्याने जाऊन रस्ता डोक्यात बसलाय, आणि ते डोक्यातल्या रस्त्यावर बस चालवतायत. आणि रस्त्यावर जे काल नव्हतं ते?

जेवताना मुद्दाम त्यांचा पाण्याचा ग्लास डावीकडे ठेवला. हात फिरला, ग्लास कलंडला. “कुठे ठेवतेस गं ग्लास,” एवढंच म्हणाले. मी पुसून घेतलं. स्वतःची लाज वाटली, म्हाताऱ्या माणसाची अशी परीक्षा घ्यायची म्हणजे.

मग हेवी रिन्यू कसं होतं? डोळे तपासल्याचा दाखला लागतो ना? लागतो. यांचा डॉक्टर जुना दोस्त आहे. चहा पाजतो आणि सही करतो.

१३ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. त्याच्या टायरच्या दुकानात जाऊन, घरी नको म्हणून. तो चाकाचे नट आवळत होता, मान वर केली नाही.

“तू हेवी पास झालीस की बस तुलाच मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे,” म्हणाला. “आता तूच बसमालकाला जाऊन हे सांगितलंस तर लोक काय म्हणतील? सासऱ्याला खाली उतरवलं आणि सून वर चढली.”

लोक तेच म्हणतील. सासरेही तेच म्हणतील. ज्याने क्लच कसा सोडायचा ते शिकवलं, त्याच्याच पायाखालून क्लच काढून घ्यायचा!

१४ फेब्रुवारी

बारकीला स्कूटरवरून शाळेत सोडलं. पोट दुखतंय म्हणते, बसमध्ये ढवळतं तिला, अशी थाप मारली. फाटकाशी बस आली आणि दुसऱ्यांची पोरं दप्तरं सांभाळत धडाधड उतरली. आपली तेवढी काढून घेतली मी. किती आपमतलबी आहे मी, किती!

१५ फेब्रुवारी

काही नाही. फक्त भीती.

१७ फेब्रुवारी

सुचलं! मी हेवी काढणारच नाही. पुढची टेस्ट रद्द. मग माझा काय स्वार्थ उरला? मग मालकासमोर ताठ मानेने जाऊन सांगता येईल, आणि कुणाला तोंड वर करून बोलता येणार नाही. इतके दिवस हे डोक्यात कसं आलं नाही?

सकाळीच टेस्ट रद्द करून आले. रात्री जेवताना सांगून टाकलं, मला नाही जमणार, कारच बरी.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासरे म्हणाले, “का गं?” इतक्या बारीक आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. म्हटलं, बाबा, मागचं चाक नाही समजत मला. ते हात धुऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले.

नवरा मात्र माझ्यावर उखडला. “डोकं फिरलंय का तुझं? एकदा नापास झालं म्हणून कुणी सोडतं का?” आता याला काय झालं? लोक बोलतील ही त्याचीच भीती मिटवली ना मी? खरं तर याने सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. या घरातली माणसं मला कधी कळायची!

१८ फेब्रुवारी

उद्या बसमालकाकडे जाते. ठरलं. सासरे जन्मात माझ्याशी बोलणार नाहीत. नाही बोलले तर नाही.

१९ फेब्रुवारी

मालकाला एका दमात सगळं सांगितलं. तो दचकला नाही. खुर्ची पुढे सरकवली.

“डावा डोळा गेलाय, उजव्यालाही धूसर दिसतं, ते त्यांनी मला गेल्या वर्षीच सांगितलंय, तुमच्या नवऱ्यासमोर. सून हेवी पास होईपर्यंत ओढतो, सीट घरातच राहू दे म्हणाले. मी बरं म्हटलं. फक्त सुनेला सांगू नका म्हणाले, घाबरेल, मग शिकायचीच नाही.” मग थोडा वैतागून: “तुम्ही टेस्ट कधी देताय?”

बाहेर आले तर सासऱ्यांची बस मालकाच्या आवारातून दुपारच्या फेरीला निघत होती. मी धावत जाऊन फाटकात आडवी उभी राहिले. उजव्या बाजूला, त्यांना दिसेन अशी.