कानावरची खाच

३ एप्रिल
चि. रैखान हीस अकेचे, म्हणजे तुझ्या बापाचे, आशीर्वाद.
आपली तीनशे दहा मेंढरं सरकारी माणसांनी खड्ड्यात मारून पुरली. लाळ्या-खुरकूत. शेजारच्या दौकेननेच रोग लपवला, म्हणून गावाने त्याला गावची विहीर बंद केली. नमुने तुमच्याच संस्थेत आलेत. पुरावा काढ. कानाची खाच बघून मेंढरू कुणाचं ते ओळखायला मीच शिकवलं तुला. शहरात जाऊन विसरली नसशील.
तुझा अके, सेइतझान

१५ एप्रिल
ती. अके यांना सा. न. वि. वि.
तीनदा तपासलं. हा विषाणू म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला आरएनएचा धागा. सुरुवातीलाच तो स्वतःवर दुमडतो. कळपांत फिरणाऱ्या विषाणूत ती दुमड लांब असते. आम्ही बाटल्यांत वाढवतो त्यात तिचा एक तुकडा गळला आहे. तुमच्या नमुन्यांतही नेमका तोच नाही. खाच आमची आहे, अके. नौरुझच्या सणाला घरी आले तेव्हा मी प्रयोगशाळेतले बूट घालूनच थेट आपल्या कोकरांत शिरले. दौकेनकाकांकडे रोग आपल्याकडून गेला. त्यांची माफी मागा. तुम्हाला आधी कळावं म्हणून अहवाल थांबवला आहे.
तुमची रैखान

२७ एप्रिल
रैखान,
पत्र चुलीत घातलं. दौकेन बायकोमुलांसह निघून गेला. आता गावभर सांगू, की माझ्याच शहाण्या पोरीने बुटांतून मरण आणलं? चोर जुनी खाच झाकायला मोठी खाच मारतात, तेही तुला ठाऊक आहे. दौकेनचं नाव लिही. मग घरी ये.
सेइतझान

४ मे
ती. अके यांना सा. न.
अहवाल दिला, माझ्या नावासकट. नोकरी गेली. दौकेनकाकांना आणि गावच्या वडीलधाऱ्यांनाही लिहिलं. रागवा, पण सातव्या वर्षी तुम्ही मला माझ्या कोकरांसाठी माझी स्वतःची खाच दिलीत, ती मोडू नका. नवी कोकरं आली की कान धरायला येईन. बूट वेशीबाहेर ठेवीन.
तुमची रैखान

१२ सप्टेंबर
कु. रैखान यांस,
नवी पंचेचाळीस कोकरं आणली. खाचा मारून झाल्या.
दौकेन परतला. गावाने त्याला विहिरीवर पहिलं पाणी दिलं आणि माझ्याकडे कुणी बघितलं नाही. स्वतःचं एक कोकरू तुझ्या खुणेचं करायचं म्हणून तो माझ्या दारात आला. कोकराचा कान धरून उभा होता. मी त्याच्या हातातला चाकू काढून घेतला. तुझी खूण आता इथे कुणाच्याच कानावर नाही.
येऊ नये. लोभ नसावा.
सेइतझान